बिऱ्हाड कोठे करावे?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेस उतरून मुर्धे, राई, मोर्वे ही गावे मागे टाकीत जो रस्ता समुद्राकडे जातो, त्याच्या एका टोकास चौक नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. वसईच्या खाडीच्या मुखावर वसलेले हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस धारावीच्या किल्ल्यामुळे ठाऊक आहे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला; खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यास याहून मोक्याची जागा नव्हती. येथे उभे राहिले असता वसईचा किनारा समोर दिसतो. परंतु चौकाच्या माणसास सडकेने वसईस जावयाचे तर आधी उलट भाईंदरास यावे, तेथून काशीमिऱ्यास, मग वरसाव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून पुन्हा पश्चिमेकडे वळावे. नकाशावर जे बोटभर, ते वाटेवर दोन-तीन तासांचे, असा हा प्रकार आहे.

हा भूगोल आज काढण्याचे कारण असे की, मुंबईत चाकरी करणाऱ्या मध्यम व गरीब स्थितीतील गृहस्थास बिऱ्हाड कोठे करावे हा प्रश्न पडतो, तेव्हा तो नेहमी नकाशावरचे अंतर आणि भाड्याचा आकडा एवढ्या दोनच गोष्टी पाहतो. वाटेवर जाणाऱ्या तासांची नोंद त्याच्या वहीत नसते. आणि ती नसल्यामुळे त्याचा सौदा पुष्कळ वेळा जितका स्वस्त दिसतो तितका तो नसतो, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. मीरा-भाईंदर येथे पाच ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली नगरपालिका झाली. उत्तनकडील गावे पुढे तीत आली, आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती १,७५,६०५ होती. २०११ साली ती ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत वस्ती साडेचार पटींहून अधिक झाली; जी माणसे येथे आली, ती काही मिठागरांची हवा खाण्यास आली नाहीत. दादर, पार्ले, अंधेरी येथे घर परवडेना म्हणून ती बोरिवलीस गेली, बोरिवली परवडेना म्हणून दहिसरची खाडी ओलांडून आली. आता भाईंदर स्टेशनजवळची जागाही ज्यांस परवडत नाही, ते स्टेशनापासून दूर दूर सरकत आहेत. चौक हे त्या सरकण्याचे शेवटचे टोक होय, कारण त्यापुढे समुद्र आहे.

आमचे बहुतेक वाचक जमाखर्च लिहिणारे आहेत. म्हणून हा प्रश्न कीर्द-खतावणीच्याच भाषेत मांडू. असे धरा की, चर्चगेटच्या एका पेढीवर महिना ४०,००० रुपये मिळविणारा एक कारकून आहे. भाईंदर स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर त्यास १४,००० रुपये भाड्याची जागा मिळते, आणि चौकाच्या बाजूस ६,००० ची. (हे आकडे हिशेब दाखविण्यापुरते घेतले आहेत, ज्याने त्याने आपापले घालावेत.) चर्चगेटपासून भाईंदर सुमारे ४३ किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास दोन्ही घरांस सारखाच लागतो, आणि तो अडीचशे रुपयांच्या आत मिळतो. म्हणजे महिन्यात पंचवीस दिवस कामाचे धरले, तर जाणेयेणे मिळून दिवसाला दहा रुपयांहून कमी. परंतु स्टेशन ते चौक या पुढल्या सुमारे दहा किलोमीटरांस बस, आणि बस चुकली तर रिक्षा, असा खर्च पडतो. तो महिना १,५०० रुपये धरू. भाड्यात वाचले ८,०००, त्यातून हे वजा जाता शिल्लक राहिली ६,५०० रुपये. येथवरचा हिशेब प्रत्येकजण करतो, आणि समाधानाने विसार देतो.

आता दुसरे पान उघडू. बस वेळेवर मिळाली, वाटेत खोळंबा झाला नाही, तरी थांबणे धरून स्टेशन ते चौक हा तासाभराचा प्रवास होय. जाऊन-येऊन दोन तास, महिन्यास पन्नास. ६,५०० रुपयांस पन्नासांनी भागले असता तासास १३० रुपये पडतात. हा गृहस्थ पेढीवर महिना दोनशे तास राबून ४०,००० मिळवितो, म्हणजे त्याचा तास २०० रुपयांचा. याचा अर्थ असा की, जो माल तो मालकास दोनशेस विकतो, तोच वाटेवर एकशेतीसला देऊन टाकतो. रेल्वेतले तास मिळविले तर चित्र आणखी स्पष्ट होते. चौकाच्या दारापासून चर्चगेटच्या पेढीपर्यंत सव्वादोन तास धरले, तर रोजचे साडेचार, वर्षाचे सुमारे साडेतेराशे तास झाले. अहोरात्र चोवीस तासांचा दिवस धरून छप्पन दिवस! वर्षातले जवळजवळ दोन महिने हा मनुष्य घरीही नसतो आणि कामावरही नसतो.

कोणी म्हणतील, हा हिशेब पुस्तकी आहे. त्या कारकुनाचे दोन तास वाचले म्हणून त्याची पेढी ते काही विकत घेणार नाही. वाण्याचे बिल मात्र रोकड रुपयांनीच भागवावे लागते. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो मान्य करतो. ज्याच्यापाशी रोकड नाही, त्याने वेळ देऊन ती वाचविली तर त्यास अविचारी म्हणण्याचा कोणासही अधिकार नाही. मलबार हिलच्या गच्चीवरून विरारच्या गर्दीस ‘हे लोक इतक्या लांब राहतातच का?’ असे विचारणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या शहाणपणाशी आमचे काही देणेघेणे नाही. आमची तक्रार निराळी आहे. सौद्यावर सही करणारा एक असतो, आणि वेळ भरणारी माणसे चार असतात. त्या चौघांचा हिशेब कोणी मांडीतच नाही, ही ती तक्रार होय.

घर घेताना पाहिली जाते ती कर्त्या पुरुषाची गाडी. त्याची साडेसातची लोकल सापडते की नाही एवढे ठरले की घर ठरले. परंतु त्याच घरातून मुलगी कॉलेजास जाणार, सासूबाई इस्पितळात जाणार, आणि घरधनीण, जर तिला नोकरी करावयाची असेल तर, सकाळचा स्वयंपाक उरकून निघणार व रात्रीच्या स्वयंपाकास परत पोचणार. सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत असे आढळले की, देशात घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसास सरासरी २८९ मिनिटे घालविते, आणि पुरुष ८८. म्हणजे तिच्या दिवसातले पावणेपाच तास घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच गहाण पडलेले आहेत. पुरुष वाटेवर साडेचार तास घालवून, थकून का होईना, नोकरी टिकवितो. स्त्रीस तितके तास सापडतच नाहीत. म्हणून ती नोकरी सोडते, किंवा मुळात धरीतच नाही. आमच्या कल्पित कारकुनाच्या पत्नीस स्टेशनजवळ राहून महिना दहा हजारांचे काम करता आले असते, आणि चौकास राहिल्यामुळे ते सुटले, असे धरा. मग ६,५०० वाचविण्यासाठी त्या कुटुंबाने १०,००० गमावले. हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, कारण न मिळालेला पगार कोणी खर्ची टाकीत नाही. बाई घरी बसली, एवढेच शेजारीपाजारी म्हणतात; आणि पुष्कळदा तिच्या हौसेनेच ती बसली अशीही समजूत करून घेतली जाते.

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी केवळ स्त्रियांसाठी चर्चगेट व बोरिवली यांच्या दरम्यान गाडी सुरू केली, आणि पुढल्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. त्या काळी काहींनी त्या गाडीची थट्टा केली असेल. परंतु तिने एक गोष्ट उघड केली की, गाडी आहे एवढ्याने भागत नाही, तीत शिरता आले पाहिजे. बसावयास जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने दोन स्टेशने मागे जाणारे, आणि त्यापायी आणखी वीस मिनिटे मोजणारे प्रवासी आजही पुष्कळ आहेत. याहून भयंकर किंमत मोजणारेही आहेत. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मरण पावली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे उतारू गाडीतून खाली पडले, त्यांतले काही दगावले. दूरच्या घराचे भाडे स्वस्त म्हणताना हीही बाजू दृष्टीआड करता येत नाही.

घरभाडे उत्पन्नाच्या शेकडा तिसापेक्षा जास्त नसावे, असा अमेरिकेत जुना ठोकताळा आहे. शिकागो येथील एका संस्थेने त्यात प्रवासखर्च मिळवून दोहोंची मर्यादा शेकडा पंचेचाळीस असावी असे सुचविले. सुधारणा चांगली आहे. पण ज्या शहरात रेल्वेचा महिन्याचा पास दोन-अडीचशेस मिळतो, तेथे ती फारशी उपयोगी नाही. आमच्याकडे प्रवासाची खरी किंमत पैशांत नसून तासांत व धक्क्यांत आहे.

ही स्थिती आकाशातून पडलेली नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली, १९३६ साली ती विरारपर्यंत पोचली. तेव्हापासून ‘गाडी आहे, तर राहा लांब’ हेच मुंबईचे घरांविषयीचे अलिखित धोरण झाले. कामाजवळ घरे बांधण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उठविल्या. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गठडीमागे एक रुपया पट्टी बसवून त्यासाठी पैसा उभारला होता, हे व्यापारी वाचकांस आठवण करून देण्यासारखे आहे. आरंभी त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण मजुरांस भाडे जड वाटे. पुढे मात्र त्याच १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. त्यानंतर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकले. भाडेकरूस आधार मिळाला हे खरे, परंतु भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा धंदाच बुडाला, आणि मुंबईत जो तो ‘ओनरशिप’च्या मागे लागला.

या मालकीच्या हौसेत एक धोका आहे, त्याचा विचार व्हावा तितका होत नाही. भाड्याचे बिऱ्हाड हलविता येते. वीस वर्षांच्या कर्जाने घेतलेले घर हलत नाही. नोकरी मात्र हलते. लालबाग-परळच्या गिरणीत जाण्यास सोईचे म्हणून पश्चिम रेल्वेवर ज्यांनी घर केले, त्यांच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद झाल्या. फोर्टातल्या कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, आणि चर्चगेटला सरळ जाणारा मनुष्य वांद्र्यास उतरून रिक्षाच्या रांगेत उभा राहिला. घर विकून दुसरे घ्यावे म्हटले तर मुद्रांक, नोंदणी व दलाली यांत पाच वर्षांची शिल्लक जाते. यास्तव ज्याची नोकरी अजून स्थिर झालेली नाही, त्याने दूरच्या जागी घर घेण्यापूर्वी एक-दोन वर्षे तेथेच भाड्याने राहून पाहावे. विशेषतः एक पावसाळा काढावा. पाऊस नसताना, रविवारी दुपारी, दलालाच्या मोटारीतून पाहिलेला रस्ता आणि जुलैच्या सोमवारी बसमध्ये उभे राहून पाहिलेला रस्ता हे दोन निरनिराळे रस्ते असतात!

आता यावर नेहमीचे उत्तर असे की, दळणवळण सुधारले म्हणजे सर्व ठीक होईल. ते अर्धेच खरे आहे. विलायतेत १८८३ साली कायदा करून रेल्वे कंपन्यांस मजुरांसाठी स्वस्त गाड्या सोडणे भाग पाडले, आणि लंडनच्या ईशान्येस वॉल्थमस्टो, एडमंटन ही मजुरांची मोठी उपनगरे झाली. बेल्जममध्ये १८६९ पासून मजुरांस स्वस्त पास मिळत, त्यामुळे तेथला कामगार खेड्यातले घर व परसातला मळा न सोडता शहरात कामास जाऊ शकला. परंतु ज्याने जमिनीचा व्यवहार केला आहे त्यास हेही ठाऊक आहे की, नवा रस्ता नुसता जाहीर झाला तरी दुसऱ्या दिवशी गुंठ्याचा भाव चढतो. जो वेळ प्रवाशाचा वाचावयाचा, त्याची किंमत जमीनवाला आधीच लावून मोकळा होतो. या वाढीतला काही भाग सार्वजनिक तिजोरीत घ्यावा ही कल्पना नवी नव्हे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच तिला जागा दिलेली होती. ती वसुली प्रामाणिकपणे झाली, आणि तिच्यातून स्टेशनाजवळ भाड्याची लहान घरे बांधली गेली, तरच रस्त्याचा लाभ ज्यांच्यासाठी रस्ता केला त्यांस मिळेल.

चौकाच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण ते ओसाड रान नव्हे. तेथली कोळी व ख्रिस्ती मच्छीमार कुटुंबे कोणाच्या कचेरीपासून दूर राहण्यास गेलेली नाहीत. त्यांची कचेरी समोरच्या पाण्यात आहे. त्यांच्या स्त्रिया मासळी घेऊन भाईंदरास, बोरिवलीस जातात, त्यांच्या वाटेचे तास तर आजवर कोणीच मोजले नाहीत. उत्तन-धावगीच्या डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा जातो, तो या गावांच्या उशाशी. मेट्रोच्या नवव्या मार्गिकेची कारशेड आधी राई-मुर्ध्यास योजिली होती. तेथे विरोध झाल्यावर ती डोंगरीस नेण्याचे ठरले, आणि हजारो झाडे तोडण्यास २०२५ साली लोकांनी हरकती घेतल्या. कारशेड कोठे असावी या वादात आज शिरत नाही. एवढेच म्हणतो की, डब्यांस निजण्यासाठी तेथवर रूळ जाणार असतील, तर माणसांसही तेथे उतरता-चढता आले पाहिजे. उत्तनहून विरारकडे जाणाऱ्या सागरी सेतूची योजनाही पुढे आली आहे, आणि मच्छीमारांनी तीस विरोध केला आहे. हजारो कोटींच्या पुलावरून जे जातील त्यांच्यापाशी मोटार असेल. चौकाच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापाशी ती नाही.

त्या माणसाची गरज पुलाहून पुष्कळ स्वस्तात भागण्यासारखी आहे. मीरा-भाईंदरच्या परिवहन सेवेने चौक-उत्तनच्या बसगाड्या लोकलच्या वेळांशी जुळवून सोडाव्यात, आणि वेळापत्रक नुसते न छापता पाळावे. पहाटे मासळीवाल्या बायांस टोपलीसह जागा मिळेल अशी एक तरी फेरी असावी. रेल्वे व बस यांचा महिन्याचा पास एक असावा. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर व वसई यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली, आणि सडकेचा अडतीस किलोमीटरांचा फेरा पाण्यावरून साडेतीन-चार किलोमीटरांवर आला. खाडीच्या मुखावरील चौकासही तशी सोय का होऊ नये, याचे उत्तर संबंधित अधिकाऱ्यांनी द्यावे. आणि तालुक्याच्या कामासाठी, इस्पितळासाठी, मुलींच्या कॉलेजासाठी या गावांस भाईंदर-मुंबई गाठावी लागणार नाही अशी व्यवस्था जितकी तेथेच होईल, तितकी तेथे करावी. एक तास वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तो प्रवासच टाळणे होय.

तोवर घर शोधणाऱ्याने आपला हिशेब आपणच करावा, आणि तो घरातल्या सर्वांस बसवून करावा. स्टेशनापर्यंतचे नव्हे, तर दारापासून दारापर्यंतचे तास मोजावेत. आपले, पत्नीचे, मुलीचे, म्हाताऱ्या आईचे. ज्या घरात एकच कमावणारा आहे, मुले गावातल्याच शाळेत जातात, आणि वाचलेल्या रुपयांतून कर्ज फिटते, त्यास चौक सोईचे पडेल. समुद्राचा वारा त्यास फुकट मिळेल. जेथे दोघांस कामावर जावयाचे आहे, तेथे स्टेशनजवळची एक लहान खोली दूरच्या दोन खोल्यांपेक्षा बहुधा स्वस्त ठरेल. विसार देण्यापूर्वी एक गोष्ट मात्र सर्वांनीच करावी. चर्चगेटहून रात्री दहाच्या सुमारास निघणारी गाडी धरून भाईंदरास पश्चिमेला उतरावे, बरोबर घरातल्या बायकामाणसांस घ्यावे, आणि चौकाची बस तेथे उभी आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.